पेटीतला जाळ

"वरून पाऊस नाही का आत यायचा?" बाबांनी मला विचारलं.

आम्ही दोघं अंगणात उभे होतो. मी तान्ह्या रेवाला शालीत गुंडाळून छातीशी धरलं होतं आणि माझे सासरे मान वर करून आमच्या छपराकडे बघत होते. छपरावर डॉना नावाची बाई कमरेला दोर बांधून बसली होती. स्टीलची एक लवचीक नळी ती आमच्या विटांच्या धुरांड्यात हळूहळू खाली सोडत होती. खाली दिवाणखान्यात तिचा नवरा ती नळी ओढून घेत होता.

"नळीच्या तोंडावर टोपी बसवणार आहेत, बाबा. जाळीची. पाऊस नको आणि पक्षीही नकोत."

"आणि एवढं रुंद धुरांडं असताना आत नळी कशाला?"

"रुंद धुरांड्यात धूर गार पडतो म्हणे. मग काजळी धरते आणि एखाद दिवशी ती काजळीच पेटते. आता पेटीतला धूर थेट नळीतून बाहेर."

"बरं आहे," ते म्हणाले आणि पुन्हा वर बघायला लागले.

व्हरमाँटमधल्या एका लहान गावाबाहेर आमचं हे घर होतं. माझा नवरा जयवंत गुरांचा डॉक्टर. आसपासच्या डेअऱ्यांच्या गाई त्याच्याकडे असायच्या. मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या वादळानं वीज गेली, त्याबरोबर घर तापवणारी भट्टीही बंद पडली. मला तेव्हा दिवस गेले होते. आम्ही दिवाणखान्यातल्या उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडं जाळली, तर खोलीत धूर आणि घरात होती तीही ऊब धुरांड्यातून वर निघून गेली. तेव्हाच ठरलं, की बाळाचा पहिला हिवाळा असा काढायचा नाही. फायरप्लेसच्या पोकळीत बसणारी, काचेच्या दाराची लोखंडी पेटी आम्ही मागवली. दुकानदार तिला 'इन्सर्ट' म्हणायचा. आमच्या घरात ती पहिल्या दिवसापासून पेटीच झाली.

माझं बाळंतपण करायला जयवंतचे आई-बाबा बार्शीहून आले होते. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते, निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. कमी बोलायचे. त्यांचे दोन्ही तळवे भाजल्यासारखे आकसलेले होते, बोटं पुरती उघडत नसत. चहाचा कप ते दोन्ही हातांत धरून प्यायचे. आईंच्या मानेवर आणि डाव्या दंडावर जुना मोठा व्रण होता. त्या कायम मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायच्या आणि पदर मानेभोवती घ्यायच्या. लग्न ठरलं तेव्हा मी जयवंतला एकदाच विचारलं होतं.

"स्टोव्हचा भडका उडाला, असं म्हणतात," तो म्हणाला होता. "मी लहान होतो." आणि विषय बदलला होता.

त्या "असं म्हणतात"चा अर्थ न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. आपल्याकडे कुठली सून भाजली की काय सांगतात आणि लोक त्यातून काय समजतात, हे मलाही माहीत होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

नळी जोडून झाली, पेटी जागेवर सरकली, भोवतीची पोलादी चौकट बसली. डॉनानं आम्हाला समोर बसवून समजावून सांगितलं. आई तेवढ्या स्वयंपाकघरातून आल्या नाहीत.

"लाकूड वाळलेलंच हवं," डॉना म्हणाली. "ओलं लाकूड धुमसतं, नुसती काजळी करतं. जाळ नीट धरेपर्यंत हवेचा हा खटका उघडा ठेवायचा. दार उघडताना आधी बोटभर उघडायचं, थोडं थांबायचं, मग पूर्ण. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली घराबाहेर, भिंतीपासून लांब. राखेत निखारे फार काळ जिवंत राहतात. आणि हा भिंतीवरचा अलार्म विषारी वायूचा आहे. त्या वायूला वास नसतो. हा वाजला, की विचार करत बसायचं नाही. माणसं बाहेर, आणि फोन बाहेरून."

मी एकेक वाक्य बाबांना मराठीत सांगत होते. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"तिला विचार," ते म्हणाले, "जाळ ठीक आहे हे बघून कसं ओळखायचं?"

मी विचारायच्या आत जयवंत म्हणाला, "बाबा, हे तुम्हाला शिकायची गरज नाही. तुम्ही पेटीला हात लावायचा नाही."

आवाज चढलेला नव्हता. बाबांनी मान हलवली. डॉनानं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाला तो?"

"काही नाही," मी म्हटलं. "जाळ नीट आहे हे कसं ओळखायचं, ते विचारतायत."

"उत्साही दिसतो," ती हसून म्हणाली. "वर धावत असतो. काच स्वच्छ राहते. आळसावलेला, तांबूस, धुराचा जाळ दिसला की काहीतरी बिघडलंय."

पहिले काही दिवस आम्ही लहान लहान जाळ केले, पेटीचा नवा रंग पक्का व्हावा म्हणून. त्याचा उग्र वास यायचा, खिडक्या उघड्या ठेवायला लागायच्या. मग थंडी वाढली आणि पेटी रोज पेटायला लागली. सकाळी जयवंत पेटवायचा. तो कामावर गेला की लाकडं घालणं माझ्याकडे. बाबा समोरच्या खुर्चीत बसून असायचे. हात लावायचा नाही म्हटल्यावर त्यांनी कधीच लावला नाही. एखादं लाकूड फार पुढे आलं की नुसतं म्हणायचे, "वृंदा, ते जरा मागे सरकव बाळा, काचेला लागतंय."

आईंना त्या खोलीत यायला महिना लागला. आल्या तरी दारापाशीच बसत.

एकदा मी जयवंतला म्हटलं, "बाबांना घालू दे ना लाकडं. दिवसभर बसून असतात."

"नको."

"अरे, पण का?"

"आमच्या घरी आईला गॅस पेटवायची परवानगी नव्हती, माहितीये तुला? रोज सकाळी बाबा पेटवायचे. ते बाहेर गेले तर आई चहासुद्धा करायची नाही, शेजारणीला बोलवायची. मी असंच बघत मोठा झालोय. या घरात आग त्यांच्या हातात नको मला."

मला बाबा आवडायला लागले होते. त्यामुळे ते वाक्य मला बोचलं. पण त्याचं लहानपण त्याला माहीत, असं म्हणून मी गप्प बसले.

जानेवारीत वादळ आलं. आधी पाऊस पडला, आणि पडता पडताच गोठला. सकाळी झाडं काचेची झाली होती. अधूनमधून फांदी मोडल्याचा आवाज यायचा. वीज गेली, फोन गेला. मोबाइलला आमच्या दरीत एरवीही धड रेंज नसायची. जयवंत आदल्या दिवशीच एका लांबच्या डेअरीवर गेला होता, रस्ते बंद झाल्यानं तिथंच अडकला. पण पेटी होती. आम्ही सगळे दिवाणखान्यात गाद्या टाकून राहिलो. आईसुद्धा आत आल्या. पेटीच्या माथ्यावर पातेलं ठेवून मी खिचडी केली. खरं सांगते, ती रात्र छान गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर छपरावर मोठा धडाका झाला. बाबा खिडकीतून बघून आले, पण तिथून काही दिसत नव्हतं. फांदी पडली असेल, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. माझं डोकं दुखायला लागलं होतं. झोप नाही म्हणून दुखतंय असं मला वाटलं. रेवा मात्र नेहमीपेक्षा जास्तच झोपली होती.

"वृंदा," बाबा म्हणाले. "जाळ वर जात नाही."

मी बघितलं. पेटीत जाळ होता, पण तांबडा, मंद, नुसता लोळत असलेला. काच वरून काळी पडत होती. धूर वर जायच्याऐवजी आतल्या आत फिरत होता. मी हवेचा खटका पुरता उघडला. काही फरक पडला नाही. दाराच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ बाहेर आली, आणि भिंतीवरचा अलार्म वाजायला लागला.

त्या आवाजानं मी जागच्या जागी थिजले. बाबा उठले होते.

"रेवाला घे. आईंना घे. गाडीत जाऊन बसा."

"तुम्ही?"

"आलोच. तू जा आधी."

मी रेवाला दुलईसकट उचललं. आईंनी माझा दंड धरला आणि आम्ही बर्फावरून घसरत अंगणातल्या गाडीपर्यंत पोहोचलो. गार हवा लागताच रेवा कर्कश रडली. तिचं रडणं ऐकून मला एवढं बरं वाटलं, की मीच रडायला लागले. मागे वळून बघितलं तर बाबा नव्हते. घरातल्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या. अलार्म वाजतच होता. मग खिडक्या उघडायच्या थांबल्या, आणि बाबा काही बाहेर येईनात.

मी हॉर्न वाजवला. हाका मारल्या. रेवाला टाकून जाता येईना.

"तू बस," आई म्हणाल्या, आणि दार उघडून उतरल्या. साडीवर जयवंतचा जुना कोट, पायात माझे बूट. पेटीच्या खोलीत दारापाशीच बसणारी ती बाई त्या बर्फावरून पाऊल दाबत दाबत घराकडे गेली. पायरीपर्यंत पोहोचली तोच बाबा दारात आले. हातांत शेकोटीचे जाड हातमोजे, आणि हातमोज्यांत राखेची बादली. झाकणाच्या कडेनं धूर येत होता. पेटीतले निखारे आणि अर्धी जळलेली लाकडं त्यांनी फावड्यानं बादलीत काढून आणली होती. ते खोकत होते. आईंनी त्यांना कोपराला धरलं, आणि त्यांनी बादली घरापासून लांब, बर्फात नेऊन ठेवली.

त्याच वेळी, रस्ते खुले होताच निघालेला जयवंतचा ट्रक आत वळला.

त्यानं काय बघितलं ते मी नंतर कितीदा मनाशी आणून बघितलंय. सगळ्या खिडक्या उघड्या, घरातून धूर, अलार्म वाजतोय. बायको-मुलगी गाडीत रडतायत. आई बर्फात उभी आहे. आणि बाबांसमोर धुमसणारी बादली. तो ट्रकमधून उडी मारून धावत गेला आणि त्यानं बाबांचा दंड धरला.

"काय केलंत? परत काय केलंत तुम्ही?"

बाबा श्वास घेत उभे राहिले. मीच काच खाली करून ओरडले, "अरे, धूर वर जाईना! त्यांनीच आम्हाला बाहेर काढलं!"

जयवंतनं वर बघितलं. धुरांड्यावर बर्फानं जड झालेली भली मोठी फांदी आडवी पडली होती, आणि नळीवरची टोपी तिच्याखाली चेपली होती. त्याचा हात सुटला.

"परत म्हणजे काय, जयवंत?" आईंनी विचारलं.

"गाडीत बसा सगळे," एवढंच तो म्हणाला. मग गाडीच्या मागे जाऊन धूर सोडणाऱ्या नळकांड्याभोवतीचा बर्फ बुटानं दूर करत बसला. पाहिजे होता त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. शेवटी आत आला, त्यानं इंजिन चालू केलं, हीटर लावला. बाबा पुढे त्याच्या शेजारी. मागे मी, आई आणि रेवा.

"मी विचारलं काहीतरी," आई म्हणाल्या.

"आई, राहू दे आत्ता."

"इतकी वर्षं राहूच दिलंय. मधूनं सांगितलं ना तुला?"

मधू म्हणजे आईंचे धाकटे भाऊ. बार्शीतच राहायचे, पण या घराशी त्यांचं जाणं-येणं नव्हतं. जयवंत तेवढा त्यांना भेटायचा.

"हो," जयवंत म्हणाला. "दहावीत होतो मी."

"काय सांगितलं?"

जयवंत समोरच्या काचेतून बघत राहिला.

"सांग ना. मला ऐकू दे एकदा. सगळं गाव माझ्या पाठीमागे बोललं, तोंडावर कुणी बोललं नाही."

"की बाबांनी रॉकेल ओतलं. आणि हात भाजले ते काडी लावताना."

बाबा खिडकीतून धुरांड्याकडे बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"आणि मी तुला काय सांगितलं होतं?"

"स्टोव्हचा भडका उडाला."

"मग?"

"सगळ्या बायका तसंच सांगतात, आई."

"सांगतात," आई म्हणाल्या. "सोलापूरच्या सिव्हिलमध्ये माझ्या शेजारच्या कॉटवर एक पोर होती. वीस वर्षांचीसुद्धा नसेल. तिनं पोलिसाला तेच सांगितलं. ते खोटं होतं, मला तिनं खरं काय ते सांगितलं होतं. ती गेली. माझं खरं होतं, आणि मी जगले. पण लिहून घेणाऱ्याला आमचे दोघींचे जबाब सारखेच वाटले. मी जितकं सांगायची, तितकं लोक म्हणायचे, बिचारी नवऱ्याला वाचवतेय. मग मी सांगायचं सोडलं."

रेवा माझ्या खांद्यावर शांत झाली होती.

"स्टोव्ह फरफरत होता," आई पुढे म्हणाल्या. "मी पिन घालायला वाकले, आणि पदर गेला. हिरवी नायलॉनची साडी होती. नवीनच निघाल्या होत्या तेव्हा. नायलॉन पेटलं की पातळ होतं, अंगाला चिकटतं. हे बाहेर दाढी करत होते, धावत आले. गोधडी शोधायला वेळ नव्हता. ह्यांनी ती हातांनी ओढून काढली माझ्या अंगावरून, मूठमूठ धरून. ड्रेसिंगला आम्हाला एकदमच न्यायचे. ह्यांच्या तळव्यातून ती नर्स चिमट्यानं हिरवं नायलॉन काढायची. मी बघायचे. बाहेर पोलीस उभा असायचा, ह्यांच्यासाठी." त्या पुढे वाकल्या. "तू डॉक्टर आहेस ना? काडी लावणाऱ्याच्या तळव्यात साडी कशी शिरेल?"

जयवंतनं हीटर कमी केला. मग बाबांकडे न बघता म्हणाला, "गॅस का पेटवू द्यायचा नाहीत तिला?"

"मी?" बाबा पहिल्यांदाच बोलले. "अरे, तिचे हात थरथरायचे. काडी ओढली की घामानं भिजायची. मग मी पेटवून द्यायचो."

"आणि मी हे गावाला कशाला सांगू?" आई म्हणाल्या. "शेजारीण यायची, काम व्हायचं."

"तुम्ही का नाही बोललात मला, बाबा?"

"मधूकडे गेलो होतो बोलायला. त्यानं दार लावून घेतलं. त्याचं तरी काय, बहीण भाजली होती त्याची." बाबांनी हातमोज्यावरची राख झटकली. "तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलं नाहीस. मला वाटलं, पोरगं विचारत नाही म्हणजे त्याला ऐकायचं नाहीये."

जयवंतनं गाडीतला दिवा लावला. "हात बघू," तो म्हणाला.

बाबांनी हातमोजे काढून हात पुढे केले. त्यानं ते आधी पालथे करून बघितले. वरची कातडी साधी, म्हातारी, कुठं डाग नाही. मग उलटे केले. तळवे आणि बोटांची आतली बाजू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मूठ वळली की जेवढी आत जाते तेवढीच भाजलेली होती. तो अंगठ्यानं हळूहळू दाबत गेला.

"इथं दुखतं?"

"आता नाही. थंडीत आखडतो जरा."

"डावा जास्त आहे."

"डाव्यानं धरलं होतं," बाबा म्हणाले. "उजव्यानं ओढलं."

जयवंतनं त्यांचे हात सोडले नाहीत. कपाळ स्टिअरिंगला टेकवून तो तसाच बसला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. बाबांनी मागे वळून आईंकडे बघितलं, काय करावं हे न कळल्यासारखं. आईंनी मान हलवली. म्हणजे असू दे.

नंतर जयवंतनं आम्हाला गावातल्या अग्निशमन केंद्रावर नेलं. तिथं जनरेटर होता. त्यांनी आमच्या सगळ्यांच्या बोटांना यंत्रं लावून रक्तात वायू किती गेलाय ते बघितलं. रेवाचं ठीक होतं. बाबांना दोन तास ऑक्सिजन लावला. तोवर जयवंत त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून होता.

बर्फ जरा सैल झाल्यावर डॉना आली. तिनं फांदी काढली, नवी टोपी बसवली, नळी आतून झाडली. काय घडलं ते ऐकून ती बाबांवर चिडली.

"त्यांना सांग, अलार्म वाजल्यावर निखारे काढत बसायचं नसतं. हवेचा खटका बंद करायचा आणि निघायचं. हे अजून थोडा वेळ आत राहिले असते तर तिथंच पडले असते."

मी सांगितलं. बाबांनी शरमून मान डोलावली. "पटलं म्हणावं. घर जळेल असं वाटलं मला."

"घर परत बांधता येतं," डॉना म्हणाली. तेही मी सांगितलं.

फोन सुरू झाला त्या संध्याकाळी जयवंतनं पहिला नंबर बार्शीचा लावला. तिकडे सकाळ होती. मी पेटीत लाकूड सारत होते, त्यामुळे त्याचं बोलणं मला अर्धवट ऐकू आलं. "मामा, मी जयवंत... नाही, सगळे ठीक आहोत... मामा, तुम्ही मला दहावीत एक गोष्ट सांगितली होती..." मग तो बराच वेळ बोलत राहिला. आईंनी त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"मधू, मी बोलतेय. हो. त्याला सांगितलं मी सगळं. त्यानं ऐकलं." मग, "नाही रे, मला कुणी बोलायला लावलेलं नाही. इथं कोण लावणार?" मग त्या नुसत्याच ऐकत राहिल्या. एकदा पदरानं डोळे पुसले. शेवटी त्यांनी रिसीव्हर बाबांपुढे केला.

"तुम्हाला मागतोय."

बाबा उठले. त्यांनी हात धोतराला पुसले, रिसीव्हर दोन्ही हातांत धरून कानाला लावला आणि उभ्यानंच ऐकायला लागले. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"हं," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "हं." मग, "असू दे. असू दे आता." पलीकडचा माणूस थांबेना, किंवा त्याला थांबता येईना.

"इथं?" ते म्हणाले. "बर्फ आहे. गुडघ्याएवढा. हो हो, बघितला की, चाललोसुद्धा." ते खुर्चीत बसले, आणि पाय पेटीसमोर लांब केले. "तुझा चहा झाला का रे, मधू?"